लेकीकडे आरव्हीनं समुद्रकिनारा: मुक्कामाच्या जागा निवडाव्या कशा?

फ्यूजवायर (प्रतापनगर)

राजेहो, नमस्कार. वीज खात्यातून रिटायर होऊन मला चार वर्षं झाली. लेक-जावई अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोला असतात. येत्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे जाऊन राहिलो. जावईबापूंनी ठरवलं की आरव्ही, म्हणजे पलंग-किचन-बाथरूमवाली घरासारखी गाडी, भाड्यानं घ्यायची आणि १०१ नंबरच्या हायवेनं समुद्राकाठानं सात रात्री फिरायचं, १० ते १७ सप्टेंबर. गाडीही पाहून ठेवली. २५ फुटी, क्लास सी म्हणतात तिला, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती. इथपर्यंत ठीक होतं. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणतात कसे, "बाबा, आम्हाला ऑफिसातून डोकं वर काढायला फुरसत नाही. कॅम्पग्राउंड तुम्हीच शोधा, तुमच्याकडे वेळ आहे."

वेळ आहे हे खरं. पण मी उभ्या आयुष्यात तंबूत झोपलो तो एकदाच, खिंडसीला, स्टाफच्या सहलीत. रात्री पाऊस आला तर गादी डोक्यावर घेऊन रामटेकच्या धर्मशाळेत गेलो. अशा माणसाला हे काम दिलं.

पंधरा दिवस झाले, रोज सकाळी पोहे खाऊन कॉम्प्युटरसमोर बसून राहिलो. वहीत ३१ जागा उतरवल्या आहेत. कॉलम पाडले: समुद्र दिसतो का, वीज किती अँपिअरची, पाणी आहे का, सांडपाण्याची सोय आहे का, भाडं. पाहता पाहता सगळ्या जागा सारख्या वाटायला लागल्या. प्रत्येक फोटोत सूर्यास्त आहे आणि प्रत्येक फोटोत एक कुत्रा आहे.

मला जे कळत नाही ते असं. सरकारी स्टेट पार्क घ्यावं की खासगी आरव्ही पार्क? खासगीत "समोर समुद्र" लिहिलंय, भाडं दुप्पट. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेलं फुल हुकअप नसेल तर चालतं का? आणि मी सात रात्रींना सात ठिकाणं काढली आहेत, पार कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंत. हिचं म्हणणं, "हे सहल करून राहिले की लाईन टाकून राहिले?" सोबत सहा वर्षांची नात आहे आणि हिचे गुडघे आहेत, दोघांचाही विचार करायचा आहे.

कोणी गेलं असेल तर सांगा. वहीचं चौथं पान संपत आलं.

तर्रीपोहा (महाल)

काकाजी, समृद्धीचे ७०१ किलोमीटर संपले तरी आपल्याला समुद्र दिसत नाही. तुम्हाला तो खिडकीतून दिसून राहिला, तर ती जागा डोळे मिटून घ्या! कुत्र्याचा फोटो टाका फक्त.

पुडाचीवडी (धरमपेठ)

भाऊ, मी गेले आहे. याच रस्त्यानं, मुलगा-सून आणि आम्ही दोघं, तेही आधी जुलैत आणि मग पुढच्या खेपेला सप्टेंबरात. जुलैत सगळ्या चुका करून झाल्या होत्या, म्हणून सप्टेंबरची सहल चांगली झाली. चुकांपासूनच सांगते.

पहिली चूक तुमच्या वहीतला पहिला कॉलम. "समुद्र दिसतो का." आम्हीही तेच पाहिलं. एक खासगी पार्क घेतलं, नाव सांगत नाही, फोटोत खिडकीत कॉफीचा कप आणि पलीकडे निळा समुद्र. पोहोचलो तर काय, खडी टाकलेलं मोकळं मैदान, एक झाड नाही, शेजारी बसएवढ्या दोन गाड्या, आमची मधे सांदीत. समुद्र दिसायचा, पण डाव्या गाडीच्या आरशाखालून. आणि वारा! उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो तो सूर्य बुडेपर्यंत थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लू सुटते ना, तसाच वेळेवर येतो, फक्त फ्रिजमधून काढलेला. मुलानं दाराबाहेरची ताडपत्री, ऑनिंग म्हणतात ती, हौसेनं उघडली. चहा उकळेपर्यंत तिचा एक दांडा वाकला. भाड्याच्या गाडीचा दांडा. रात्रभर गाडी पाळण्यासारखी हलत होती आणि आमचे हे झोपेत विचारत होते, कोणतं स्टेशन आलं.

दुसऱ्या दिवशी न्यूपोर्टच्या साउथ बीच स्टेट पार्कमध्ये गेलो. तिथून समुद्र दिसत नाही. समुद्र आणि तुमच्या मधे वाळूची टेकडी आहे आणि जागा ठेंगण्या पाइनच्या झाडीत आहेत. आधी माझं तोंड उतरलं. मग खाली उतरले तर वारा नाही! वर झाडांच्या शेंड्यांतून तो जातोय, हे ऐकू येतं, आणि खाली कपडे दोरीवर सरळ लोंबताहेत. वाळूची टेकडी चढून पाच-दहा मिनिटं चाललं की अख्खा समुद्र. पाहायचा तेवढा पाहा आणि झोपायला झाडीत या. तेव्हापासून माझा हिशोब एवढाच आहे: समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा आणि खिडकीतून दिसण्याइतका जवळ नको.

म्हणून स्टेट पार्क घ्या. तिथं एकेका गाडीमागे झुडपांचा पडदा असतो, शेकोटीचं कडं आणि लाकडी टेबल प्रत्येकाचं वेगळं असतं, नातीला सायकल फिरवायला आतले रस्ते मिळतात. आणि गरम पाण्याचे शॉवर असतात, हे फार मोठं सुख आहे. गाडीतला गिझर बहुधा सहा गॅलनचा असतो, म्हणजे तेवीसेक लिटर. आपली एक मोठी बादली! पाच माणसं त्यात कशी आंघोळणार? आम्ही गाडीतल्या बाथरूममध्ये बटाटे-कांद्याची टोपली ठेवली होती.

आता तुमचे सात मुक्काम. भाऊ, वहिनी बरोबर बोलल्या. मुक्काम हलवायचा म्हणजे नुसती गाडी चालू करायची नसते. पाण्याची नळी काढा, विजेची दोरी गुंडाळा, सांडपाणी रिकामं करा, कपाटांच्या कड्या लावा, नाही तर पहिल्याच वळणाला डाळीचा डबा अंगावर येतो. नव्या ठिकाणी हेच सगळं उलट. शिवाय जागा दुपारी चारला मिळते आणि एकला सोडायची असते. रोज हललात तर समुद्र फक्त काचेतूनच पाहाल. आम्ही सप्टेंबरात तीनच जागा घेतल्या:

पहिल्या दोन रात्री फोर्ट स्टीव्हन्स, अगदी उत्तरेला, अस्टोरियाच्या बाजूला, कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथं. प्रचंड मोठं कॅम्पग्राउंड आहे. मुलांसाठी तिथली मजा म्हणजे वाळूत रुतलेलं जहाज. १९०६ साली पीटर आयर्डेल नावाचं लोखंडी गलबत तिथं लागलं, त्याचा सांगाडा अजून उभा आहे. ओहोटीला हात लावता येतो. गंजाचे पापुद्रे बोटाला लागतात. आणि आमच्या ह्यांच्यासारख्यांसाठी जुना किल्ला, ज्यावर १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं तोफगोळे टाकले होते.

मग तीन रात्री साउथ बीच. तिथून जवळच मत्स्यालय आहे, यकिना हेडचा दीपस्तंभ आहे (ओरेगॉनमधला सगळ्यात उंच, ९३ फूट), आणि १९३६ चा तो कमानींचा सुंदर पूल आहे. संध्याकाळी बंदरावर सी लायन भांडत असतात. आवाज अगदी बर्डीवरच्या हॉर्नसारखा.

शेवटच्या दोन रात्री फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला हनीमन. नावावर जाऊ नका, मधुचंद्राशी संबंध नाही, एका बाईंचं आडनाव आहे. तिथं समुद्र दोनेक मैल लांब आहे, पण गोड्या पाण्याची तळी आहेत आणि तळ्यात उतरणारे वाळूचे डोंगर. समुद्राचं पाणी तिकडे उन्हाळ्यातही दहा-तेरा डिग्री असतं, पायाची बोटं पांढरी पडतात. तळ्यात नात डुंबेल तरी. आमच्या ह्यांना तिथंच जास्त आवडलं. अंबाझरीच्या काठी वाढलेल्या माणसाला तळं दिसलं की बरं वाटतं.

परत येताना फ्लॉरेन्सहून यूजीनवरून मोठ्या हायवेनं दिवसात पोर्टलंड. कॅलिफोर्नियाची हद्द सोडून द्या. ती पुढच्या वेळेस.

एक बारीक गोष्ट, जी कुठं लिहिलेली नसते. जागा सपाट आहे का ते पाहा. फोर्ट स्टीव्हन्सला पहिल्या सकाळी मी मुगाची धिरडी घालत होते. पीठ तव्यावर टाकलं की सरळ डाव्या काठाला पळायचं. एका बाजूनं धिरडं जाड आणि कच्चं, दुसऱ्या बाजूनं कागद. सून म्हणाली आई तुमचा हात बिघडला. मुलानं वाटीत पाणी ठेवून पाहिलं तर गाडीच तिरपी! चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्या गाडीसोबत भाड्यानं मिळतात, त्या मागून घ्या. गॅसवरही चालणारा जुन्या धर्तीचा फ्रिज असेल तर तोही गाडी तिरपी असताना नीट थंड करत नाही, हे मला नंतर कळलं. तोवर दही फुकट गेलं होतं.

तर्रीपोहा (महाल)

काकू, बाथरूममध्ये कांदे-बटाटे! याला म्हणतात नागपूर.

बजाजनगर ते बीव्हर्टन

काका, मी तुमच्या लेकीच्या शेजारच्याच गावात राहतो, सात वर्षं झाली. काकूंनी निवडलेल्या जागा एकदम बरोबर. मी फक्त तारखांचं सांगतो, कारण तुमचा वेळ तिथं जाऊन राहिला आहे आणि तुम्ही कॉलम पाडून राहिले.

स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि ते पोहोचण्याच्या तारखेप्रमाणे रोज एकेक दिवस पुढे सरकतं. म्हणजे १० सप्टेंबरला फोर्ट स्टीव्हन्स हवं तर १० मार्चला बसायचं. साउथ बीच १२ ला, तर १२ मार्च. हनीमन १५ ला, तर १५ मार्च. तीन वेगवेगळे दिवस. चांगल्या जागा, म्हणजे कोपऱ्यातल्या, बाथरूमपासून अगदी लांब नाही आणि अगदी चिकटून नाही अशा, पटापट जातात. आणि घड्याळ सांभाळा: मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथं सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे जातात. त्याआधी आपल्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, नंतर साडेबारा. माझ्या बाबांनी या एका तासापायी दोन वेळा मला रात्री उठवलं आहे.

जावयांच्या नावानं बुक करा. बाहेरच्या राज्यातल्यांना आरव्हीच्या जागेला २५ टक्के जास्त पडतात, ते ओरेगॉनचेच असल्यामुळे वाचतील. बुक करताना जागेची लांबी बघा, ती नकाशात लिहिलेली असते. गाडी २५ फुटी आहे तर ३० च्या वरची घ्या, म्हणजे मागे-पुढे करताना घाम फुटत नाही.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. इथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे खाली जाताना समुद्र तुमच्या बाजूला राहतो आणि थांबायच्या जागा उजव्या हाताला येतात. उलट्या दिशेनं आलात तर तेवढी मोठी गाडी डावीकडे वळवायला समोरची रांग संपायची वाट पाहावी लागते. कॅनन बीचला हेस्टॅक रॉक बघायचा असेल (२३५ फुटांचा एकच काळा खडक, किनाऱ्यावर ठेवल्यासारखा), तर सकाळी लवकर पोहोचा, गावात या आकाराची गाडी लावायला त्रास होतो. टिलामूकच्या चीज फॅक्टरीत मात्र मोठ्या गाड्यांना जागा आहे. तिथलं आइस्क्रीम नातीला दाखवू नका असं म्हणणार नाही, पण एकदा दाखवलं की प्रत्येक गावात मागेल.

सप्टेंबर छान निवडला. पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की शाळा सुरू, गर्दी ओसरते, धुकंही कमी होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आत पोर्टलंडला ३५ डिग्री आणि किनाऱ्यावर स्वेटर, असं चालतं. आतली तापलेली जमीन समुद्रावरची थंड हवा ओढून घेते, वाराही त्याचाच आणि धुकंही.

आणि हे गंमत म्हणून वाचू नका: वाळूवर पडलेल्या मोठ्या ओंडक्यांवर नातीला चढू देऊ नका. ओले, टनभर वजनाचे असतात, आणि एखादी लाट नेहमीपेक्षा बरीच वर आली की तो ओंडका उचलते आणि गडगडवते. इथं त्याखाली माणसं गेली आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. कॅम्पग्राउंडमध्ये शिरताना निळ्या पाट्या दिसतील, त्सुनामी आली तर कुठल्या बाजूनं चढायचं याच्या. पहिल्या संध्याकाळी त्या वाटेनं एकदा चालून या. समुद्राखाली इथं मोठी भेग आहे, १७०० साली तिनं प्रचंड भूकंप केला होता. घाबरवत नाही. वाट माहीत असावी एवढंच.

फ्यूजवायर (प्रतापनगर)

राजेहो, तुम्ही तर माझी वही वाचवली. ताई, "कोणतं स्टेशन आलं" वाचून ही इतकी हसली की चहा सांडला. खिडकीतल्या समुद्राचा हट्ट सोडला. ३१ मधल्या २८ जागांवर रेघ मारली.

पण सांडपाणी आणि वीज राहिली. साउथ बीचला मला वीज आणि पाणी दिसतंय, सांडपाण्याची जोडणी दिसत नाही. तीन रात्री पाच माणसं. ते कसं निभतं?

विजेचं मी स्वतः मांडून पाहिलं. गाडी ३० अँपिअरची आहे. तिकडे व्होल्टेज १२०. म्हणजे सगळे मिळून ३६०० वॅट. आपल्या घरी एका किचनच्या पॉइंटवर आपण तेवढं टाकून मोकळे होतो. हीटर १५००, केटल १५००, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढाच. यातली कोणतीही दोन चालतील, तिसरं लावलं की ब्रेकर गेलाच समजा. ५० अँपिअरची जागा पाहून जावई म्हणाले "बाबा, ती घेऊ, जास्त पॉवर." मी म्हटलं, बाप्पा, खांबावर किती आहे त्यानं काय होते, गाडीचा मेन ३० चाच आहे ना! ती ५० वाली १२० च्या दोन फेजनं येते, १२,००० वॅट देते, पण ते मोठ्या गाड्यांसाठी. उगाच पैसे भरू नका. चाळीस वर्षांत घरच्या लोकांनी पहिल्यांदा माझं विजेबद्दल ऐकलं.

पुडाचीवडी (धरमपेठ)

भाऊ, हीटर लावूच नका. गाडीत गॅसवरची भट्टी असते, तिचा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो. रात्री १५ डिग्रीला लावली की नागपूरकर सुखानं झोपतो. आणि कूलर नाही, एसी नाही! मी पहिल्या रात्री सवयीनं खिडकी उघडी ठेवली, सकाळी बरणीतलं खोबऱ्याचं तेल गोठलेलं.

सांडपाण्याचं सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे, कारण ह्याच कामाला सगळे घाबरतात. गाडीखाली दोन टाक्या असतात. काळी, म्हणजे संडासाची, आणि करडी, म्हणजे सिंकची आणि आंघोळीची. काळी बहुधा तीसेक गॅलनची असते. संडास-आंघोळीला कॅम्पग्राउंडचीच सोय वापरलीत आणि गाडीतलं फक्त रात्री-अपरात्री, तर तीन दिवस सहज निघतात. भांड्यांच्या पाण्यानं करडी टाकी लवकर भरते, तिच्याकडे लक्ष ठेवा. ताटं कागदानं पुसून मग धुवा, नळ सोडून ठेवू नका. निघताना कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर रिकामं करा. म्हणून फुल हुकअपसाठी जीव टाकू नका. फोर्ट स्टीव्हन्सला आणि हनीमनला काही जागांना ते आहे, मिळालं तर घ्या, नाही तर राहू द्या.

उलट फुल हुकअपनंच आमची फजिती केली. जुलैत मुलगा म्हणाला, नळी लावलेलीच आहे तर काळ्या टाकीचा कॉक उघडाच ठेवू, आपोआप जात राहील. तीन दिवसांनी कळलं की पाणी तेवढं वाहून गेलं आणि बाकीचं आत साचून बसलं. डोंगर. पुढचं तुम्ही ओळखा. मुलगा आयटीत आहे, दोन पदव्या आहेत, आणि त्या दुपारी तो हातात रबरी मोजे घालून, नाकाला माझा दुपट्टा बांधून, टाकीत बादलीनं पाणी ओतत होता. शेजारचे अमेरिकन आजोबा खुर्ची घेऊन समोर बसले. काही बोलले नाहीत. संपल्यावर त्याला एक गार कोल्ड्रिंक आणून दिलं.

तर कॉक बंद ठेवायचा, टाकी बरीच भरली की एकदम उघडायचा. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. जावयांना हे पाठ करायला सांगा.

आणि फोडणी. आत मोहरी-मिरची टाकलीत की धुराचा अलार्म बोंबलतो, अख्खं कॅम्पग्राउंड वळून पाहतं. एक शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडा. सावजीचा रस्सा करायचा असेल तर बाहेरच, आणि रात्री दहाच्या आत. दहा ते सात तिकडे शांतता पाळतात, जनरेटरही बंद.

बजाजनगर ते बीव्हर्टन

काकूंच्या त्या शेजारच्या आजोबांसारखे लोक प्रत्येक कॅम्पग्राउंडमध्ये एक तरी असतात. काका, उतरल्यावर पहिल्यांदा त्यांना नमस्कार करा, अर्ध्या अडचणी तिथंच सुटतात. लाकूड पोर्टलंडहून नेऊ नका, जिथं मुक्काम तिथंच विकत घ्या. एका भागातले किडे दुसऱ्या जंगलात जाऊ नयेत म्हणून तसं सांगतात. आणि रात्री टेबलावर काही खायचं ठेवू नका. रॅकून येतात. माझी आख्खी संत्रा बर्फी गेली आहे, आईनं पाठवलेली, डबा उघडून. झाकण व्यवस्थित बाजूला ठेवलं होतं त्यानं.

तर्रीपोहा (महाल)

रॅकूनला हल्दीरामचा फरक कळला की नाही ते सांगा.

फ्यूजवायर (प्रतापनगर)

आज १५ मार्च, हनीमनही झालं. रिपोर्ट देतो.

१० तारखेला फोर्ट स्टीव्हन्स मिळालं, फुल हुकअप, ३८ फूट लांबीची जागा. घड्याळाचं त्या पोरानं सांगितलं नसतं तर मी तासभर उशिरा बसलो असतो, कारण भिंतीवर मी साडेतेराचा हिशोब चिकटवून ठेवला होता. १२ ला साउथ बीच. पहिली पसंती डोळ्यांदेखत गेली, मी कार्डाचा नंबर टाकून राहिलो आणि कोणीतरी उचलली. दुसरी मिळाली, एका टोकाला. बाथरूम थोडं लांब आहे, पण झाडी दाट दिसते. हनीमनला आज तळ्याच्या बाजूची मिळाली, वीज-पाणी आहे, सांडपाणी नाही. चालते. डंप स्टेशन कुठं आहे ते नकाशावर लाल पेननं गोल केलं.

जावयांना काळी आधी, करडी मग, कॉक बंद, हे तिन्ही सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, ते तुम्ही बघाल ना?" मी म्हटलं, मी विजेचा माणूस, पाणीपुरवठा वेगळं खातं आहे.

आता घरात नवीन प्रश्न. हिला चटणीसाठी मिक्सर न्यायचा आहे. समजावून सांगितलं, तुझा मिक्सर २३० व्होल्टचा, तिकडे १२०, तो नुसता गुरगुरेल, खोबरं काही वाटणार नाही. ट्रान्सफॉर्मर नेला तर तोच वजनानं जड. लेक म्हणते तिच्याकडचा घ्या, पण तो हिला पसंत नाही. काल संध्याकाळी माळ्यावरून लोखंडी खलबत्ता खाली आला. वजन केलं: बत्त्यासकट साडेचार किलो. मी म्हटलं, २३ किलोच्या बॅगेत? तर म्हणते, "तुमच्या बॅगेत."

ताई, तिकडे लोखंडी खलबत्ता कुठं मिळतो का? बीव्हर्टनच्या भाऊ, तुम्ही तरी सांगा. लवकर सांगा, ही तो घासून राहिली.